चिवड्याचा डबा आणि अकोल्याचा कूलर

अकोल्याहून नणंदेच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात तारा डागायची गरम सोल्डरगन होती आणि दुसऱ्या हातात दिव्यांची माळ. अमरावतीच्या राजापेठेतल्या एका दुकानासाठी मी घरी बसून माळा जोडते. ते काम मला आवडतं, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नाही. भाऊजी एरवी फोन करतात तो आमच्या ह्यांना. त्या दिवशी त्यांनी मला केला.

"वहिनी, तुमच्या ताईले तुमीच समजावा," ते म्हणाले. "ते मशीन इकून राहिली."

नणंद स्कुटीवरून पडली होती आणि उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर काढून बरेच दिवस झाले तरी बोटं वळत नव्हती. अंगठा तर लाकडासारखा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, बोटं कशी वाकवायची तेही दाखवलं होतं. ती दोन दिवस करायची आणि सोडून द्यायची. तिचं घरातच ब्लाउज शिवायचं काम. अर्धी गल्ली तिच्याकडे येते. कात्री धरता येईना म्हणून तिने ठरवून टाकलं की हे आता आपल्याच्यानं होणार नाही. शेजारच्या गल्लीतली एक बाई शिलाई मशीन घ्यायला तयारही झाली होती.

मी कोणाला काय समजावणार? मला चार माणसांत साधा चहा नको म्हणता येत नाही. फोनवर मी नुसतं हो हो म्हटलं. पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट डोक्यात आली ती जाईना.

लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा घरात माझ्याशी पहिल्यांदा नीट वागली ती नणंद. ती तेव्हा शाळेत होती. मी इतकी बुजरी की सासूबाईंनी विचारलं तरी मान हलवून उत्तर द्यायची. दुपारी सगळे झोपले की ती टीव्हीला कॅसेटचा गेम लावायची, एक रिमोट माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "वहिनी, बस. बोलू नको, दाब." रणगाड्यांचा खेळ होता. दोघींनी मिळून विटांच्या भिंतीआड उभं राहायचं आणि येणाऱ्या रणगाड्यांवर गोळ्या झाडायच्या. मी चुकले की ती माझ्या पाठीत बुक्की घालायची. पुढे मी तिला मारायला शिकले, म्हणजे रणगाड्यानं. ह्या घरात मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले ते टीव्हीसमोर. तो गेम पुढे खराब झाला, कोणीतरी भंगारात दिला. तिचं लग्न झालं.

आता मला वाटलं, चेंडू दाबायचा तिला कंटाळा येतो, पण हरायचा तिला फार राग येतो.

मी माळा पोचवायला दुकानात गेले तेव्हा तिथल्या मालकांना विचारलं, तो जुना खेळ टीव्हीवर पुन्हा कसा लावता येईल. ते असलं सामान ठेवतात हे मला माहीत होतं. त्यांनी हाताच्या तळव्यात मावेल एवढा एक बोर्ड दाखवला. त्यात खेळ भरलेलं कार्ड घालायचं, त्याला टीव्हीची तार जोडायची, फोनच्या चार्जरनं तो चालतो. बाकीचं मी फोनवर हिंदी व्हिडिओ पाहून केलं. एखादी गोष्ट समजली नाही तर व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहायचा. व्हिडिओ कंटाळत नाही, हसत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. इंग्रजी अक्षरं ओळखते, शब्द नाही. पडद्यावर काही आलं की फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरायचा, तो मराठी करून सांगतो. कधी कधी भलतंच सांगतो, पण अंदाज येतो.

बोर्ड ठेवायला डबा हवा होता. चिवड्याचा प्लॅस्टिकचा चौकोनी डबा रिकामा झाला होता, तो घेतला. सोल्डरगनच्या टोकानं त्याला तारांसाठी भोकं पाडली आणि हवा जायला झाकणावर बारीक भोकांची रांग काढली. घरभर जळका वास सुटला. दोन रिमोट जोडले, बटण दाबलं. आधी रंगीत चौकोन आला, मग पांढरी अक्षरं भराभर धावली, मग जुन्या पद्धतीचं संगीत वाजलं आणि खेळांची नावं आली. मी एकटीच बसले होते. रणगाड्यांचा खेळ लावला आणि दोन्ही रिमोट मांडीवर घेऊन दोन्ही बाजूंनी मीच खेळले. आठवडाभर रोज चालवून पाहिलं. एकदाही बंद पडलं नाही. माझ्या हातचं काम पक्कं आहे ह्यात मला शंका नव्हती.

मे महिना होता. बसमधून उतरले तेव्हा अकोला तव्यासारखं तापलं होतं. भाऊजी दालमिलवरून जेवायला घरी आले होते. मी दारात पाऊल टाकलं न टाकलं, त्यांनी कूलर लावला. आमच्या भागात उन्हाळ्यात पाहुण्याला पाण्याच्या तांब्याआधी कूलर मिळतो. पाहुण्याला समोर बसवायचं, घरच्यांनी बाजूला सरायचं. ह्या वेळी तर त्यांनी मी येणार म्हणून कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या होत्या.

"सरका इकडे, वहिनी. हवा घ्या. वास पाहा ना कसा येऊन राहिला!"

मी सरकले. नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उजवा हात पदराखाली.

"पिशवीत काय व?" तिने विचारलं.

मी डबा काढला. भाऊजी खूश झाले. "चिवडा आणला का?"

"गेम हाय," मी म्हटलं. "आपला. रणगाड्याचा."

नणंदेच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. मग ती म्हणाली, "मले कुठी खेळता येते आता? अंगठा तं मरून गेला." पण ती गेली नाही, तिथेच टेकली.

टीव्हीखाली एक एक्स्टेंशन बोर्ड होता. मी डब्याचा चार्जर त्यात लावला. रंगीत चौकोन आला. अक्षरं धावली. आणि पडदा काळा झाला. पुन्हा रंगीत चौकोन, पुन्हा अक्षरं, पुन्हा काळा. डबा मधेच मरायचा आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. संगीतापर्यंत एकदाही पोचेना.

"चिवडा शिळा हाय वाटते," भाऊजी म्हणाले.

मला घाम फुटला, कूलरसमोर बसून. पण हात घाबरले नाहीत. बिघडलेल्या वस्तूपुढे मी कधीच घाबरत नाही, माणसांपुढे घाबरते. कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. तसंच. टीव्हीची तार काढून लावली. तसंच. रिमोट काढून टाकले. तसंच. एक सुटं कार्ड मी बरोबर आणलं होतं, त्यातही सगळं भरलेलं होतं. ते घातलं. तरी तसंच. म्हणजे कार्डाचा दोष नाही.

"गरम झालं असन," भाऊजी म्हणाले. "अमरावतीपासून उन्हात आलं ते. माणूस चक्कर येऊन पडते, मंग डब्बा काहून नाही पडनार?"

हे मला पटलं. व्हिडिओतही सांगितलं होतं की बोर्ड तापला की बंद पडतो. भाऊजींनी उठून कूलरचं तोंड डब्याकडे फिरवलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवून वारा वाढवला. मी झाकण उघडून ठेवलं. आम्ही तिघं गरम हवेत आणि डबा वाळ्याच्या वाऱ्यात. थोड्या वेळानं बोर्डाला बोट लावून पाहिलं तर माठासारखा गार. सुरू केला. पहिल्यापेक्षाही लवकर मेला.

नणंद उठून आत गेली.

संध्याकाळी मी नुसती बसून पडदा पाहिला. दुरुस्तीत हे करावं लागतं, हात बांधून पाहणं. तेव्हा दिसलं की काळं होण्याआधी वरच्या कोपऱ्यात विजेचं एक पिवळं बारीक चिन्ह येतं. अमरावतीला ते कधी आलं नव्हतं. कॅमेरा धरेपर्यंत निघून जायचं. पण त्याला वाचायची काय गरज? तसं चिन्ह आमच्या गल्लीतल्या विजेच्या डीपीवर आहे, खाली कवटी काढलेली. म्हणजे करंट जास्त, हात लावू नका. मला वाटलं, अकोल्याचा करंट जोरात आहे, माझ्या इवल्याशा बोर्डाला तो सोसत नाही.

म्हणून मी भाऊजींच्या जुन्या साध्या फोनचा बारका चार्जर मागून घेतला. त्यानं तर रंगीत चौकोनसुद्धा धड येईना.

जेवताना नणंद डाव्या हातानं चमच्यानं वरणभात खात होती. म्हणाली, "उद्या संध्याकाळी येनार हाय ते बाई. मशीन पाहाले." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. समजावायला मला एकच गोष्ट येत होती, आणि ती सुरूच होत नव्हती.

सकाळी भाऊजी कूलर बंद करून त्याची टाकी धूत होते. मी माझा पहिला चार्जर परत लावला आणि बटण दाबलं. चौकोन, अक्षरं, आणि संगीत! अख्ख्या घरात ते टुणटुण संगीत वाजलं. मी ओरडलेच, "ताई! या, या!"

ती ओल्या केसांनी धावत आली. आली आणि माझ्याशेजारी बसलीसुद्धा, पूर्वी बसायची तशी, गुडघ्याला गुडघा लावून. मी रिमोट तिच्या हातात दिला. उजव्या हाताची बोटं रिमोटभोवती वळेनात, म्हणून तिने डाव्या हातानं ती एकेक करून वळवली. मी तिच्या हाताकडे पाहत होते. भाऊजींनी आम्हाला बसलेलं पाहिलं, "थांबा थांबा, हवा तं घ्या," म्हणून घाईघाईनं टाकीत पाणी ओतलं आणि कूलर लावला.

पडदा काळा झाला.

नणंदेनं रिमोट खाली ठेवला. "माह्या हातासारखंच हाय व हे," ती म्हणाली. "आशा लावते अन् मरते."

ती आत गेली. मी तिथेच बसून राहिले. भाऊजी कामावर जाताना हळूच म्हणाले, "राहू द्या वहिनी. तुमी आल्या हेच बहुत झालं." मला ते राहू द्यायचं नव्हतं. सकाळचा गारवा होता, म्हणजे उष्णतेचं कारण खोटं ठरलं. कार्ड चांगलं, तारा चांगल्या, बोर्ड चांगला. तो आत्ताच तर वाजला होता. माझं काम पक्कं होतं. दोष डब्यात नव्हताच, बाहेर कुठेतरी होता. एवढं मला कळलं होतं आणि त्यापुढे कळत नव्हतं.

दुपारी मी डबा चालूच ठेवून पाहत बसले. तो आपला मरत होता, उठत होता. कूलर घरघरत होता. आतून नणंदेचा आवाज आला.

"वहिनी, कूलर बंद कर व जरासा! चटनी वाटाची हाय."

"काहून?"

"कूलर चालू असला का मिक्सर फिरत नाही. रडते नुसतं. दुपारी लाइटच कमी असते आमच्या इथं."

मी हात लांब करून कूलर बंद केला. घर एकदम शांत झालं. आत तिची मिरच्यांची खुडखुड ऐकू येत होती, मिक्सर अजून लागला नव्हता. आणि त्या शांततेत माझ्या डब्यानं रंगीत चौकोन दाखवला, अक्षरं धावली, पिवळी वीज आली नाही, आणि टुणटुण संगीत सुरू झालं.

मी कूलरकडे पाहिलं. त्याची वायर भिंतीवरून खाली येऊन त्याच एक्स्टेंशन बोर्डात गेली होती, माझ्या चार्जरच्या शेजारी. एक्स्टेंशनच्या बोर्डाला हात लावला, तो कोमट होता, आणि पिन ढिली. दुपारी वीज आधीच कमी, त्यात कूलरचा पंखा आणि पाण्याची मोटर मिळून ती ओढून घेणार, आणि ढिल्या पिनेतून उरलंसुरलं माझ्या डब्याला. ती पिवळी वीज जास्त करंटची नव्हतीच. डबा सांगत होता की मला पुरत नाही, आणि मी त्याला आणखी बारका चार्जर लावला होता. आम्ही त्याला वारा घालत होतो आणि त्याच्या तोंडचा घास काढून घेत होतो.

खात्री करायला मी कूलर पुन्हा लावला. कोपऱ्यात वीज चमकली, पडदा काळा. बंद केला. संगीत. मग मिक्सर सुरू झाला, तेव्हा पडद्यावर वीज नुसती चमकून गेली, डबा तगला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत होते.

तेवढ्यात भाऊजी जेवायला आले. दार उघडलं आणि थबकले. "अवो, वहिनी बिनाकूलरच्या बसल्या! काय म्हनन अमरावती?" आणि ते सरळ बटणाकडे निघाले.

आता हे लिहायला सोपं वाटतं. पण दुसऱ्याच्या घरी, त्यांनी माझ्यासाठी ताट्या बदललेल्या, माझ्यासाठी टाकी धुतलेली, आणि नणंदेच्या नवऱ्याला मी सांगायचं की कूलर लावू नका. मी आजवर कोणाला असलं बोलले नव्हते. नको असलेली तिसरी पोळीसुद्धा मी खाऊन टाकते.

"भाऊजी, कूलर लावू नोका."

"लाजता काहून? आपलंच घर हाय."

"लाजत नाही मी," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच निघाला असणार, कारण आत मिक्सर थांबला. "कूलरनंच मरून राहिला तो. तुमी आपुलकीनं लावता अन् डबा मरते. बंदच राहू द्या. मले गरम झालं तरी चालते."

त्यांचा हात बटणावरच राहिला. त्यांना खरं वाटेना. त्यांनी कूलर लावला, डबा मेला. बंद केला, डबा जगला. पुन्हा लावला, पुन्हा मेला. लहान पोरासारखं त्यांनी तीनचारदा करून पाहिलं.

"म्हनजे कालपासून मीच मारून राहिलो याले?"

"तुमी नाही, तुमचा पाहुनचार," आतून नणंद म्हणाली. ती चटणीच्या हातानंच दारात आली होती. आणि हसत होती.

मग आम्ही खेळलो. दारं उघडी टाकली, तरी अंगातून पाण्याच्या धारा. पहिल्या डावात तिचा रणगाडा हललाही नाही. अंगठा बटणावर ठेवायचा पण दाबला जायचा नाही. मी मुद्दाम थांबले तर म्हणाली, "दया नोको करू माह्यावर. खेळ." म्हणून मी खेळले आणि तिच्या वाट्याचे रणगाडेही मारले. तिला राग आला. ती मनगटच रिमोटवर दाबायला लागली, मग बोटाची कड, मग दात ओठांवर रोवून अंगठा. डोळ्यांत पाणी आलं, तरी सोडलं नाही. "दुखते का?" मी विचारलं. "तू समोर पाह्य," ती म्हणाली. आणि कधीतरी एक गोळी सुटली. तिची. ती वाया गेली, भिंतीत लागली, पण सुटली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. तिने फक्त गुडघ्यानं माझा गुडघा ढकलला.

भाऊजी जेवणाचं ताट घेऊन मागे बसले होते. एका हातानं जेवत होते आणि दुसऱ्या हातानं आम्हाला वर्तमानपत्रानं वारा घालत होते. "घ्या, ह्या कूलरले लाइट लागत नाही," म्हणाले.

संध्याकाळी मशीन पाहायला ती बाई आली. नणंदेनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"बस ना मा. थोडी थांब, माहा जीव वाचू दे."

बाई बसली. बराच वेळ पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "मंग मशीन?"

"मशीन नाही देत आता," नणंद म्हणाली. "हात येऊन राहिला माहा."

हात त्या दिवशी आला नव्हता, एक अंगठा जरासा हलला होता. खेळण्यानं हाड बरं होतं असं मी म्हणत नाही. पुढे ती डॉक्टरांनी सांगितलेला व्यायामही करत राहिली, चेंडूही दाबला. पण भाऊजी फोनवर सांगायचे की आधी डबा लावते, हरली की चिडून चेंडू दाबते. मी निघताना एक्स्टेंशनची ढिली पिन कसून दिली, आणि डब्यासाठी स्वयंपाकघराशेजारचा वेगळा प्लग दाखवून ठेवला. तरी दुपारी कूलर आणि डबा एकदम लावायचे नाहीत, हेही सांगून ठेवलं. दिवाळीच्या आधी तिने माझ्यासाठी ब्लाउज कापून शिवून पाठवला. उजव्या खांद्याची शिवण किंचित तिरकी आहे. मी ती उसवू दिली नाही.

परवा मी पुन्हा अकोल्याला गेले होते. कडक ऊन. घरात पाऊल टाकलं तेव्हा कूलर जोरात चालू होता, घरचे सगळे त्याच्यासमोर बसलेले. मला पाहताच भाऊजी उठले.

"वहिनी आल्या," ते म्हणाले, आणि कूलर बंद केला.